हातांवर कोण चालतं

गुरुवारच्या ओपीडीत, बेलापूरला,
बावीस नंबरच्या केसपेपरवर
मी वाक्य आधीच अर्धं लिहून ठेवलं होतं:
वजन कमी करा, गुडघ्यांवर भार येतो.
इतक्यांदा लिहिलंय की पेन आपलं आपण जातं
आणि मी तोवर तेवीस नंबरकडे बघते.

धर्मीबाई नाखवा, दिवाळे कोळीवाडा, वय एकसष्ट.
तिनं गुडघे दाखवलेच नाहीत.
दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे,
बाजारात पापलेटं मांडावीत तसे,
सरळ ओळीत, गिऱ्हाइकाच्या पुढ्यात.
शेवटच्या पेरांवर गाठी,
जाड्या मिठाचे खडे कातडीखाली सरकवल्यासारख्या.
"कोलबी सोलताना बोटां वलत नाय.
गुडघ्यांव भार येतं, ता पटला मना.
पन मी कय हातांव चालतंय गो?"

रांग हसली. मीही हसले.
गोळी लिहून दिली, पुढच्या गुरुवारी या म्हटलं.

रात्री सीवूड्सच्या घरी, कुकर थंडावल्यावर
परीक्षेत सात मार्कांसाठी लिहिलेलं
आणि त्याच संध्याकाळी विसरलेलं पान काढलं.
चरबी म्हणजे पाठीवरची गोणी नव्हे,
ती ग्रंथी आहे, तिला तोंड आहे.
लेप्टिन नावाचा निरोप ती रक्तातून धाडते:
पुरे. कोठार भरलं.
मेंदूनं ऐकायचं आणि ताट सरकवायचं.
पण रोज तोच निरोप, रोज थोडा मोठ्यानं,
शेवटी मेंदू बहिरा होतो,
खाडीपुलाजवळ राहणाऱ्याला हॉर्न ऐकू येईनासे होतात तसा.
निरोप थांबत नाही.
पेरापेरांत हिंडतो,
आणि कूर्चा अजून ऐकते.
ऐकते, आणि स्वतःलाच कुरतडायला घेते.

अ‍ॅडिपोनेक्टिनचं आणखीच वेगळं.
काळजाशी गोड म्हणून तिचा लौकिक,
सांध्यात शिरली की कुणी बरं बोलतं, कुणी वाईट;
आमवातात तीच सूज पेटवते असा संशय.
अभ्यासकांचं एकमत नाही,
गावकीत कुठं असतं?

आणि गुडघ्याच्या वाटीमागेसुद्धा
चरबीची एक इवली गादी,
पोटाची वाट न बघता
तिथल्या तिथे कुजबुजणारी.

इतकी वर्षं मी फक्त किलो मोजत होते.

पुढच्या गुरुवारी सांगितलं तिला, जमेल तसं.
हातवारे करत, दोनदा अडखळत.
"म्हंजे चरबी बोलतं?"
हो.
"कय बोलतं?"
पुरे म्हणते.

ती खिडकीबाहेर बघत राहिली.
"बंदीचे दोन म्हयने होऱ्या वर काढलेल्या,
आये सुकटीव दिस काढं.
आमचे घरान पुरे असा
कोनी बोललाच नाय कवा."

यावर औषध मला शिकवलेलं नाही.
कागदावर पुन्हा तेच लिहिलं: वजन कमी करा.
गुडघ्याचं वाक्य खोडलं.
त्या जागी काय लिहावं सुचेना, तशीच मोकळी ठेवली.
कोमट पाणी, मेणाचा शेक, रोज चालणं.

निघताना पिशवीची चेन तिच्यानं लागेना.
मी उठून लावायला गेले
तर आत वर्तमानपत्रात सोड्यांचं पुडकं.
"ता तुजाच हाय," ती म्हणाली,
"या टायमाला सुनेनी सोलला."