कूस

सुलतानपुऱ्यातलं घर मोजायला
टेपचं टोक धरून मी,
रतिलाल सुथार वर, तुळईपाशी.
"खिळा मिळणार नाही, बेन."
भिंती नुसत्या भरावाच्या, विटा नि चुना.
उभा आहे तो साग.

तुळईवर चार चिरा, खांबावर चार:
आडवं जुळवून, खुणा करून
मग उचललेलं घर.

तिसऱ्या खांबावर मात्र पाच,
तुळईवर सहा.
कोणीतरी मोजताना चुकलं
आणि पाचर ठोकून निभावलं.

खाचेत शिरते ती कूस.
झेंडावंदनाच्या सकाळी जमीन हलली
तेव्हा घराने ती बदलली फक्त.
"करकरलं थोडं," रतिलाल म्हणतो,
"माझा चहा सांडला."

आराखड्यात मी पाच-सहा तसंच ठेवलं.
खाली टीप:
तपासलं आहे.