दोन गुण

पहिल्या दिवशी हजेरी घेताना अडखळलो: हिस्सा.
म्हणालो, आमच्याकडे या शब्दावरून
सख्खे भाऊ कोर्टात जातात.
ती हसली. सर, अरबीतही तोच अर्थ, वाटा.
आणि शाळेतला तास, त्यालाही हिस्साच म्हणतात.
घंटा झाली की एक हिस्सा संपतो.

दोहातल्या या विद्यापीठात मी दरपृथक्करण शिकवतो.
एक घनमीटर काँक्रीट:
सिमेंट इतकं, खडी इतकी,
पाणी, समुद्राचं, गोडं केलेलं,
आणि शेवटच्या ओळीत मजूर, तासावर.
नैतिकतेला तेराव्या आठवड्यात दोन तास आहेत.
ते बहुधा उजळणीत जातात.

शुक्रवारी आमचा रविवार.
गावाबाहेर, बाहेरून क्रूस न दिसणाऱ्या भिंतींच्या आत
मिस्सा होते कितीतरी भाषांत.
मराठी आम्ही वसईकर पार्किंगमध्ये बोलतो.
नंतर फादर एलिजियस अभ्यासवर्ग घेतात,
प्लास्टिकच्या खुर्च्या, थर्मासातला चहा,
विषय: ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण.
कामापेक्षा काम करणारा मोठा.
धाकट्याला जमतं ते थोरल्यानं हिसकावू नये.
सृष्टी सगळ्यांची, सातबारा त्यानंतर.
मी उतरवून घेतो, नेटकं,
अंदाजपत्रकाच्या अक्षरात.

एकदा विचारलं, फादर, हे विद्यापीठात बसवायचं कुठं?
स्वतंत्र पेपर? की प्रस्तावनेत?
ते म्हणाले, तुमच्या गावात बावखल होतं ना?
कुणाच्या वाडीत होतं?
कुणाच्याच नाही, मी म्हणालो. मधोमध.
झालं तर, म्हणाले, आणि चहा ओतायला उठले.
मला ते उत्तर वाटलं नाही.
आमचं बावखल बुजवलंय. तिथं रिक्षा उभ्या राहतात.

सत्रपरीक्षा. प्रश्न चौथा.
सगळ्यांची मजुरी आली पुस्तकातली.
हिस्साची एकतीस टक्क्यांनी जास्त.
खाली बारीक अक्षरात टीप:
छावणी ते साइट, जाऊन येऊन अडीच तास.
तेवढा वेळ माणूस कुणाचा असतो?
त्याचा स्वतःचा नसेल तर आपण धरायला हवा.

मी लाल पेन उचललं. हे विचारलेलं नव्हतं.
दोन गुण कापले.
न्याय्यच होतं ते, पेपर तपासणाऱ्याच्या हिशेबानं.

आता खरं सांगायचं तर
माझी गाडी पुसायला सुबल पहाटे चारला येतो.
महिन्याचे साठ रियाल मी पन्नासवर आणले होते
आणि घरी ते कौतुकानं सांगितलं होतं.
तो कुठून येतो, किती चालतो,
मी कधी धरलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत
माझ्यापुढं एक जण, निळा गणवेश,
घाम वाळून कॉलरला मिठाची कड.
तो उभ्या उभ्या झोपला होता.
चक्क झोपला होता, आणि तरी
रांगेबरोबर सरकत होता, पाऊल न चुकवता.
बसमध्ये शिकला असावा.
अडीच तास, माझ्या मनात आलं.
भाकर जिभेवर येईपर्यंत
मी बेरीजच करत होतो.

गुणवाढीच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो.
तिथं बरंच लिहिता आलं असतं,
वहीतली तिन्ही वाक्यं होती,
पण विभागप्रमुख डॉ. तहसीन यांना
कारण एका ओळीत लागतं.
लिहिलं: बेरजेत चूक. परीक्षकाची.
त्यांनी सही केली.
हिस्साला गुण का वाढले ते मी सांगितलं नाही,
तिनंही विचारलं नाही. ती बहुतेक
पुढच्या पेपरात पाण्याचा दर धरणार आहे.

सुबलचे साठ पुन्हा सुरू केलेत, वॉचमनकडे देतो.
मागच्या एकोणीस महिन्यांचे एकशे नव्वद
अजून पाकिटात आहेत, वेगळ्या कप्प्यात.
ते त्याच्या हातात द्यायचेत.
रोज रात्री म्हणतो,
उद्या चारला उठेन.