स्वतःविषयी, थोडक्यात

रोजगार कार्यालयातल्या मुलीचं नाव ईरिस.
माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान.
म्हणाली, वेइयो, इथे स्वतःविषयी लिहा,
दोन हजार सहाशे अक्षरांची जागा आहे.
मी लिहिलं : कागद केला.
ती वाट पाहत राहिली.
मी पूर्णविराम तपासला. जागेवर होता.

आम्हा फिनलंडवाल्यांत म्हणतात,
स्वतःची स्तुती घाण मारते.
तशी घाणीची सवय होती कोउवोलाला.
वारा फिरला की गिरणीचा नासक्या अंड्यांचा वास
नदीवरून घरात शिरायचा,
खिडकी लावता लावता आई म्हणायची, पगाराचा वास आहे हा.
आता हवा अगदी स्वच्छ.
गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतून सहा घरं गेली.

फोटो हवा होता, हसरा.
हेल्मेटमधला चालेल का?
चालेल, पण हसरा.

एकतीस वर्षं लगद्याचं पाणी निथळून
त्याचा ताव होताना पाहिला,
मिनिटाला हजार मीटर,
आणि कुठे फाटणार ते
फाटायच्या आधी माझ्या कानाला कळायचं.
हे कुठल्या रकान्यात भरायचं?
यादीत होतं नेतृत्व, संवाद, चपळ मानसिकता.
मी वक्तशीर निवडलं.

साइट म्हणाली, यांना तुम्ही ओळखत असाल :
आम्हाला नोटीस वाचून दाखवणारा साहेब,
हल्ली परिवर्तनाचा मार्गदर्शक, अनुयायी नऊ हजार;
माझा दंतवैद्य;
आणि माझी पहिली बायको.
ओळखतो की. तिघांनाही.
टिचकी मारली नाही.

कनेक्शन्स : एक.
ते ईरिसचं. तिला कामाचा भाग म्हणून करावंच लागतं.

मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ करडा पडू लागला तेव्हा
एक विनंती आली.
रिझाल्दी सिरेगार, सुमात्रा. ऑपरेटर, रात्रपाळी.
हेल्मेटमधला फोटो. हसरा.

आदरणीय सर,
आमच्या मशीनच्या सुकवणी विभागात, सातव्या रोलरच्या मागे,
पांढऱ्या रंगाने लिहिलंय व्ही. ह्युत्तिनेन, १९९८.
खाली एक वाक्य आहे, भाषांतराचं ॲप त्याला
हवामानाचा अंदाज समजतं.
ते तुम्हीच का?

मशीन नंबर चार.
मला वाटलं होतं, भंगारात गेली.
तिचे तुकडे ट्रकवर चढवले त्या दिवशी
मी मुद्दाम मासे धरायला गेलो होतो,
एकही धरला नाही.

मी कळवलं : वाक्य असं आहे,
ही बया सोमवारी रुसते, हिला हळू उठवा.

मग थांबता येईना.
ओल्या फेल्टचं वजन, वाफेचा दाब,
उजव्या बाजूचा तो व्हॉल्व्ह, जो कागदोपत्री नाहीच,
बदललेल्या स्प्रिंगा, लपवलेल्या चुका,
तोडक्या इंग्रजीत, एका बोटाने,
कॉफी गार होईपर्यंत.
साइट म्हणाली, अक्षरमर्यादा संपली.
दुसरा निरोप उघडला.

त्याचं उत्तर : सर, आमच्याकडे ती शुक्रवारी रुसते.
सोबत चाळीस सेकंदांचा आवाज.

स्वयंपाकघरात, फोन कानाशी दाबून,
डोळे मिटून ऐकला.
वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जमीन ठोकली.
डावीकडचं तिसरं बेअरिंग. आठवडा काढेल, फार तर दहा दिवस.
नवव्या दिवशी त्याने अंगठा पाठवला,
आणि त्यांच्या देखभालप्रमुखाचं नाव.

नोकरी? अजून नाही.
ईरिस विचारते, प्रोफाइल काही पुढे सरकली का.
सरकली.
आता तिथे लिहिलंय :
कागद केला. अजून ऐकू येतो.