हातचा

क्लायपेदाच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
माझं काम रक्त फिरवण्याचं.
जांभळ्या टोपणाची नळी, यंत्रात दहा मिनिटं.
लाल खाली बसतं,
वर उरतं ते पिवळसर, निवळ.

इथे वादळानंतर माणसं पहाटे किनाऱ्यावर जातात
विजेऱ्या घेऊन, गुडघाभर गार पाण्यात,
शेवाळ, फळकुटं उलथीपालथी करत
तृणमणी वेचायला.
आई जायची. म्हणायची,
तळाशी काय मोडलं ते समुद्र सांगत नाही,
काठावर आणून टाकतो.

मीही तेच वेचते.
मेंदूत जे तुटतं त्याचं सूत रक्तात उतरतं,
इतकं बारीक
की डोळा पुरत नाही, आकडा लागतो.

झिद्रूनस, वय एकसष्ट, बंदरावरचा क्रेनवाला.
उजव्या अंगठ्याने दांडी जराशी ढकलून
तीस टनांचा कंटेनर जहाजावर असा टेकवायचा
की आतल्या काचसामानाची झोप मोडू नये.
हे त्याची बायको सांगते, दर वेळी, सगळ्यांना.
तो अंगठा आता चादरीवर,
कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी रक्त. सातव्या दिवशी रक्त.
सातव्याचा आकडा तिसऱ्याच्या दुपटीहून वर.
आलेखावर ठिपका पडला
तो जिथून हात सहसा परतत नाहीत, तिथे.
ठिपक्याला नाव नसतं.
मला कळायला नको होतं कुणाचा ते,
पण त्या दिवशी दुसरी नळी नव्हतीच.
आणि सुई काढताना त्याने विचारलं होतं,
जीभ जड, शब्द अर्धे,
"काय म्हणतंय... माझं?"
"अजून फिरतंय," मी म्हटलं.

मग उन्हाळा. बिटाचं गार सूप, वर शेपू.
डाव्या हाताने भिरकावलेला चमचा,
भिंतीवर गुलाबी डाग.
गिएद्रे रोज त्याच्या बोटांत कपड्यांचा चिमटा देई,
चिमटा रोज जमिनीवर.
ती वाकून उचलायची, मोजायची नाही.
मोजणं माझ्याकडे.

नव्वदाव्या दिवशी डाव्या दंडातून रक्त घेतलं,
कापूस ठेवला, आणि सवयीने म्हणून गेले,
"दाबून धरा."
तीन महिने त्याला मी हे म्हटलं नव्हतं.
जीभ चावली.

त्याने खांद्यापासून ओढत आणला उजवा हात,
जड नांगर आणावा तसा,
आणि कापसावर टेकवलं
अंगठा नाही, तर्जनी नाही,
क्रेनच्या दांडीला जे कधी लागलंच नाही
ते चौथं बोट.
आमच्याकडेही त्याला बिननावाचंच म्हणतात.

शाळेत बेरजेत मी हातचा विसरायचे.
बाई म्हणायच्या, उत्तर नीट मांडलंयस गं,
फक्त चुकलंय.

खिडकीबाहेर वाऱ्यामुळे क्रेन थांबलेल्या.
कापूस सरकला, थेंब आला, मनगटाकडे ओघळला.
पट्टी माझ्या खिशात होती.
मी ती जरा उशिरा लावली.