डोळ्यांच्या उंचीवर

पायसांदूच्या सुपरमार्केटात सतरा वर्षं
मी फळ्या लावते.
मला विचारा माणसं काय खातात.
माणसं उंची खातात.

डोळ्यांसमोरचं आधी उचलतात.
गुडघ्यापाशी ठेवलेली स्वस्त डाळ
वाकायला लावते, म्हणून धूळ खात पडते.
साखर लावलेल्या मक्याच्या पोह्यांचा खोका
चार वर्षांच्या पोराच्या नाकासमोर,
आणि दूध अगदी मागच्या भिंतीला,
म्हणजे नुसतं दूध घ्यायला आलेल्याला
अख्खं दुकान ओलांडावं लागतं.
पावाची भट्टी दाराशी. वास फुकट.
वासामागून जे येतं ते फुकट नसतं.

मोन्तेविदेओहून टाय लावलेला एक पोरगा आला होता,
नकाशा घेऊन. माणसाच्या मनाचा, म्हणाला.
मला तो आमच्याच दुकानाचा दिसला.

पण दोन्या एल्विराला कुठल्या फळीत बसवायचं?
भिंग लावून पाकिटावरचे आकडे वाचते,
मान हलवते, ठेवून देते, दोन रांगा फिरून येते
आणि तीच बिस्किटं घेते.
"नातवंडांसाठी," बिल करताना सांगते,
कुणी विचारलेलं नसताना.
नातवंडं नऊ वर्षं झाली स्पेनमध्ये आहेत.

आणि सेन्योर ओदिलोन.
दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला
बटाट्याच्या न्योकीची दोन पाकिटं.
आमच्याकडे त्या दिवशी न्योकी खातात,
ताटाखाली नाणं ठेवून,
पुढचा महिना भरून यावा म्हणून.
ओदिलोनला त्या आवडत नाहीत, टाळूला चिकटतात.
आवडायच्या त्या बायकोला.
"मग घेता कशाला? भूक तरी असते का?"
"भूक नसते," सुटे मोजत तो म्हणाला,
"पण तारीख असते ना."

आता यात पोट कुठे आलं?

माझंही सांगते, लपवून काय करू.
लहानपणी पडले, की आई गुडघा बघायच्या आधी
आटवलेल्या दुधाच्या बरणीत चमचा घालायची.
रडणं आणि गोड, एकाच तोंडात.
आता एकोणपन्नास पूर्ण. गुडघे फुटत नाहीत.
मॅनेजर चारचौघांत बोलला, की
रात्री फ्रिजच्या उजेडात
चमचा आपोआप सापडतो.
उभ्यानं खाल्लेलं मोजायचं नसतं,
हा नियम माझा मीच केलाय.

एकदा धंद्यातली अक्कल घरी वापरली.
बरणी सगळ्यात वर, मैद्याच्या डब्यामागे,
हात पोचणार नाही अशी.
खाली, डोळ्यांसमोर, सफरचंदं.
पाच दिवस सफरचंदं फार सुंदर दिसली.
सहाव्या दिवशी मी स्टूल विकत आणलं.
बल्ब बदलायला, असं दुकानदाराला सांगितलं.
त्यानं विचारलं नव्हतं.

परवा अठ्ठावीसला, रात्रपाळीत,
न्योकी तळाच्या फळीवरून वर घेतल्या.
ओदिलोनची कंबर अलीकडे धरते.
त्या जागेचे पैसे बिस्किटवाल्यांनी भरलेत,
पण एका दिवसानं काय होतंय.
सकाळी तो आला, नेहमीसारखा
कण्हत वाकला,
तळाच्या फळीवर हात फिरवत राहिला
बराच वेळ.
"संपल्या का गं, ग्रिसेल्दा?"

त्याच्या नाकासमोर होत्या.