पाव औंस

ग्राझमध्ये धुकं दुपारीच खाली उतरतं
तेव्हाची गोष्ट. दुकानात मी आणि तराजू.
फ्राउ ओटिली क्राउटवाश्ल आल्या,
छत्री मिटली, हातमोजा काढला एकच,
आणि काउंटरवर ठेवली
बिस्किटाएवढी प्लास्टिकची डबी.

आत तो संगीतकार. गाल फुगलेले, चष्मा गोल,
कॉलर हयातीत कधी नसेल इतकी कडक.
म्हणतात, सूर लिहायला कागद उसना आणायचा.
आता बावनकशी, नावाजलेला, नाणावलेला,
मागे व्हायोलिन, आणि काठाशी एक रक्कम
जी देऊन कुणीच कधी पाव विकत घेतलेला नाही.

भिंगाखाली गालावर दिसला अंगठा.
अख्खा. वलयांसकट.
"डबी उघडली होती का?"
ऐकू कमी येणाऱ्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या,
"दर रविवारी! नवरा गावभर पियानो जुळवायचा,
निवृत्तीला ऑपेरावाल्यांनी दिलं हे.
जेवण झालं की पियानोच्या झाकणावर
भिंगरीसारखं फिरवायचा,
कान लावून बसायचा ते आडवं होईपर्यंत."

मी समजावलं: कोरं असतं तर संग्राहकांचा भाव.
आता फक्त वितळवायचा.
सोनं काळवंडत नाही, पण हात लक्षात ठेवतं.
त्यांनी मान हलवली. भाव कळला म्हणाल्या.
कुठला, ते मी विचारलं नाही.

"वाजवून तरी घ्या."
खोटं नव्हतंच, यंत्राने आधीच सांगितलं होतं.
तरी काचेवर फिरवलं.
त्यांनी शेजारी तळहात टेकला, उघडा, डोळे मिटले.
गाल, व्हायोलिन, गाल, व्हायोलिन,
मग नुसता पिवळा गोळा, मग
पडण्याआधीची ती घाई, थरथर थरथर
आणि चूप.

"चढा आहे," त्या म्हणाल्या. "अजून चढाच.
एवाल्ड म्हणायचा, एवढा एकच सूर
मला जन्मात उतरवता आला नाही."

पैसे दोनदा मोजले. हीटरचं बिल असावं.
पावतीवर सही. डबी मात्र परत मागितली,
रिकामी. पर्समध्ये टाकली
आणि सातची ट्राम चुकू नये म्हणून
भरभर निघून गेल्या.

आता मोडीच्या थाळीत
तुटक्या साखळ्या, दाताची एक टोपी,
जोडीदार हरवलेलं डूल,
आणि तो, पालथा.

मालक यायला वेळ आहे.
मी काच पुसून घेतो.