मे महिन्याची पुस्तकं

कूलरची टाकी रिकामी होईस्तोवर एक प्रकरण,
असा महिनाभराचा हिशेब.

बर्डीच्या वाचनालयातून आणलेली रहस्यकथा.
बेचाळिसाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं:
खुनी माळी आहे.
काहून बाप्पा, दोनशे पानं उरली होती ना!

प्रेमकथेतही तीच पेन्सिल.
नायक फलाटावर रात्रभर थांबतो, तिथे
नुसतं: खोटं.

तिसऱ्यात शहराखाली दुसरं शहर,
पुतळे रात्री पाय मोकळे करतात.
वाचता वाचता गच्चीवर डोळा लागला
तर टापा ऐकू आल्या,
झिरो माईलचे घोडे निघाले होते पाण्यावर.
ह्याच्या समासात पेन्सिल नाही.
मधल्या पानात सिटी बसचं तिकीट फक्त,
फुटाळ्याचं.

आज परत करताना
बेचाळिसाव्या पानावर लिहिलं:
माळी नव्हता. शेवटपर्यंत वाचत जा.
आणि खाली, पुसट,
माझा सभासद क्रमांक.